संख्या, कविता आणि नाव : क्रागुयेवात्सच्या स्मृतीतील एक नैतिक पेच

सामूहिक हत्येत मरण पावलेल्यांविषयी साहित्याने बोलावे की मौन पाळावे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ चर्चिला गेला. आउश्वित्झनंतर कविता लिहिणे रानटीपणाचे आहे, या आशयाचे आडोर्नोचे विधान १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नंतरची चर्चा बव्हंशी शब्द की मौन या द्वंद्वात अडकून राहिली. तथापि त्याहून कमी चर्चिला गेलेला आणि समीक्षेच्या दृष्टीने कदाचित अधिक अवघड असा एक प्रश्न आहे. जे 'अनेक' म्हणून मारले गेले, त्यांच्यापैकी 'एका'विषयी कसे बोलावे? काव्य व्यक्तिविशेषाला सर्वांचे करते, हे त्याचे सामर्थ्य मानले जाते. पण ज्यांना मुळात सर्वांसारखे, म्हणजे परस्परांच्या जागी ठेवता येण्याजोगे, ठरवूनच मारण्यात आले, त्यांच्या बाबतीत हे सामर्थ्य निर्दोष राहते काय? मध्य सर्बियातील क्रागुयेवात्स या शहराची स्मृती हा प्रश्न विलक्षण तीव्रतेने उपस्थित करते. कारण तेथे संख्या, कविता आणि नाव या तिन्ही गोष्टी एकाच घटनेभोवती परस्परांसमोर उभ्या आहेत.

लेपेनित्सा नदीकाठचे हे शहर आधुनिक सर्बियाच्या इतिहासात अनेक 'पहिल्या' गोष्टींचे शहर आहे. उस्मानी सत्तेविरुद्धच्या उठावांनंतर मिलोश ओब्रेनोविच याने १८१८ मध्ये येथे राजधानी केली आणि १८४१ पर्यंत ती येथेच होती. १८३३ मध्ये येथे माध्यमिक शाळा, म्हणजे 'गिम्नाझिया', सुरू झाली. १८३५ मध्ये याच शहरात सर्बियाची पहिली राज्यघटना संमत झाली आणि त्याच वर्षी योआकिम वुयिच याच्या पुढाकाराने राजाश्रयाखालील रंगभूमी उभी राहिली. १८३८ मध्ये स्थापन झालेली उच्च शिक्षणाची संस्था पुढे राजधानीबरोबर बेलग्रेडला गेली. राजधानी गेल्यावर शहराला जे मिळाले ते तोफांचे ओतशाळा-कारखाने. १८५३ मध्ये येथे पहिली तोफ ओतली गेली आणि शस्त्रनिर्मितीभोवती कामगारांची वस्ती वाढली. समाजवादी विचारवंत स्वेतोझार मार्कोविच याने १८७० च्या दशकात आपले पत्र येथून चालवले आणि १८७६ मध्ये कामगार व नागरिकांनी लाल निशाण घेऊन येथे मिरवणूक काढली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'झास्तावा' मोटारींमुळे हे नाव युगोस्लाव्हियाच्या घराघरांत पोचले. शाळा, नाटक, राज्यघटना, ओतशाळा, कामगारांची चळवळ एवढे सारे ज्या शहराजवळ आहे, ते शहर जगाला आज मुख्यत्वे एका दिवसामुळे ठाऊक आहे. तो दिवस म्हणजे २१ ऑक्टोबर १९४१.

त्या दिवसाचे गणित आधी पाहिले पाहिजे, कारण ते खरोखरच गणित होते. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सेनाश्रेष्ठी काइटेल याच्या सहीचा आदेश निघाला : मारल्या गेलेल्या प्रत्येक जर्मन सैनिकामागे पन्नास ते शंभर जणांना ठार करावे. सर्बियातील सेनाधिकारी फ्रान्झ ब्योमे याने हे प्रमाण पक्के केले. ठार झालेल्या सैनिकामागे शंभर, जखमी झालेल्यामागे पन्नास. गोर्न्यी मिलानोवात्सच्या परिसरात बंडखोरांशी झालेल्या चकमकींत दहा सैनिक ठार आणि सव्वीस जखमी झाले होते. दहा गुणिले शंभर, अधिक सव्वीस गुणिले पन्नास; बेरीज २,३००. ती फेडण्यासाठी क्रागुयेवात्सची निवड झाली. शहराने चकमकीत भाग घेतला होता म्हणून ही निवड झाली नव्हती. एवढी माणसे एका जागी मिळतील असे ते जवळचे ठिकाण होते. आधी आसपासच्या खेड्यांत चारशेहून अधिक पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर २० ऑक्टोबरला शहरातील सोळा ते साठ वर्षे वयाच्या पुरुषांना घरांतून, दुकानांतून, कचेऱ्यांतून आणि शाळेच्या वर्गांतून बाहेर काढण्यात आले. रात्रभर त्यांना कोंडून ठेवले गेले आणि दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या शुमारित्से या माळावर तुकड्यातुकड्यांनी नेऊन मारण्यात आले. जर्मन कागदपत्रांत २,३०० ची नोंद झाली. हिशेब मिटला.

या आदेशाचे क्रौर्य त्यातील आकड्याच्या मोठेपणात आहे असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः त्याचे मूळ अन्यत्र आहे. या सूत्रात प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणाही माणसाच्या जागी चालतो. चांभार, न्यायाधीश, विद्यार्थी, कैदी, निर्वासित यांच्यात सूत्राच्या दृष्टीने काहीच भेद नाही. कोणाची काही कृती शिक्षेला कारण झालेली नाही. किंबहुना येथे शिक्षा ही कल्पनाच संपुष्टात येते आणि तिची जागा परतफेड घेते. परतफेडीच्या नाण्याला स्वतःचा चेहरा असण्याची गरज नसते. या अर्थाने हत्येपूर्वीच एक हत्या होऊन गेली होती, माणसाच्या अनन्यत्वाची.

हा विचार किती खोलवर रुजलेला होता, हे युद्धोत्तर न्यायदानातही दिसते. ब्योमे याने १९४७ मध्ये खटल्यापूर्वी आत्महत्या केली. न्यूरेंबर्ग येथील ओलीस-खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९४८ मध्ये लागला. व्हिल्हेल्म लिस्ट याला जन्मठेप झाली, पण १९५२ मध्ये तो सुटला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट निकालाच्या तर्कात आहे. तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार काही कठोर अटी पाळून, अखेरचा उपाय म्हणून ओलिसांना मारणे सर्वस्वी बेकायदा म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. आरोपींनी त्या अटी आणि प्रमाण पाळले नाही, हा त्यांचा अपराध ठरला. म्हणजे प्रमाण चुकले. प्रमाणाची कल्पना चुकली असे मात्र म्हटले गेले नाही. पुढे १९४९ च्या जिनिव्हा करारात ओलीस धरणे आणि सामूहिक शिक्षा या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरल्या. परंतु नैतिक विचाराला त्या निकालाने घातलेला प्रश्न उरतोच. 'शंभराला एक' हे प्रमाण अमानुष आहे म्हणून जो निषेध करतो, त्याने 'एकास एक' या प्रमाणाविषयी काय म्हणावे? निषेध केवळ मोठ्या आकड्याचा असेल, तर तो मारेकऱ्याच्याच वहीत केलेली दुरुस्ती ठरतो.

आता कवितेकडे वळता येईल. देसांका माक्सिमोविच (१८९८–१९९३) यांनी या हत्याकांडाच्या वार्तेनंतर युद्धकाळातच एक कविता लिहिली आणि ती युद्धानंतर प्रकाशात आली. 'रक्ताळलेली परीकथा' असा तिच्या शीर्षकाचा अर्थ होतो. सर्बियात शाळकरी वयापासून ही कविता सर्वांच्या परिचयाची असते. शहराचे नाव ती घेत नाही, मारेकऱ्यांचेही घेत नाही; परीकथेला शोभेल अशा अनिश्चित देशात ती घडते. एका दिवसात मरण पावलेल्या शाळकरी मुलांच्या एका तुकडीची ही कथा आहे. तिची रचना बारकाईने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. करुणाची सारी उभारणी 'सारखेपणा'वर झालेली आहे. मुलांचे जन्मवर्ष, शाळा, समारंभ, इतकेच काय रोगप्रतिबंधक लसीसुद्धा एकच. आणि मृत्यूचा दिवसही एकच. पुढे कविता त्यांच्या बाकांकडे, न सुटलेल्या गणितांकडे, खिशांतल्या गुपितांकडे वळते, पण तेथेही ती कोणा एकाचा खिसा उघडत नाही.

येथे खरा पेच आहे. आदेशाने माणसांना सारखे केले आणि कवितेनेही मुलांना सारखे केले. या दोन सारखेपणांत भेद कोणता?

भारतीय काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची कल्पना हा भेद स्पष्ट करण्यास साहाय्यभूत ठरते. मात्र ती तिच्या मर्यादेसह वापरावी लागते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने परिष्कृत केलेल्या या विचारानुसार काव्यातील विभावादी सामग्री विशिष्ट व्यक्ती, देश आणि काळ यांच्या बंधनातून मुक्त होते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील बाणाच्या भयाने पळणारे हरिण हे अभिनवगुप्ताचे प्रसिद्ध उदाहरण आहे. रसिकाला प्रतीत होते ते त्या हरिणाचे भय नसून देशकालाने अस्पृष्ट असे भय होय. म्हणूनच ते 'माझे', 'त्याचे', 'शत्रूचे' अशा संबंधांच्या पलीकडे जाऊन आस्वाद्य होते. माक्सिमोविच यांच्या कवितेत घडते ते हेच. शहराचे नाव नसल्यामुळे ती तुकडी वाचकाच्या स्वतःच्या शाळेतील होते. आदेशातील सारखेपणा माणसाचा इतरांवरील हक्क नाहीसा करतो. कवितेतील सारखेपणा तो हक्क अपरिचितांपर्यंत पोचवतो. पहिल्यात 'कोणीही चालेल' असा भाव आहे, तर दुसऱ्यात 'हा कोणाचाही असू शकला असता' असा. व्याकरणाच्या दृष्टीने ही विधाने शेजारी वाटतात, पण नैतिकदृष्ट्या ती परस्परविरोधी आहेत.

एवढ्यावर कवितेला निर्दोष ठरवून थांबता आले असते. परंतु हरिणाच्या उदाहरणात एक सोय आहे, जी येथे उपलब्ध नाही. दुष्यंताच्या बाणापुढे पळणारे हरिण कालिदासाच्या शब्दांबाहेर कोठेही नव्हते. त्याला कळप नव्हता, त्याची वाट पाहणारे कोणी नव्हते, आणि त्याचे विशेषत्व विसर्जित झाले म्हणून कोणावर अन्याय झाला नाही. क्रागुयेवात्सची मुले कवितेपूर्वी होती. ती एकाच वर्गातली नव्हती, एकाच वयाची नव्हती आणि वर्गातून उठल्यावर तासाभरात मेलीही नाहीत. त्यांतील बहुतेकांनी कोंडवाड्यात एक रात्र काढली. मारल्या गेलेल्या सुमारे २,८०० जणांत माध्यमिक शाळेचे विद्यार्थी १४४ होते, म्हणजे दर शंभरांत पाच. उरलेल्या पंचाण्णवांना या कवितेत जागा नाही. साधारणीकरण काल्पनिक विभावांना काही न गमावता मुक्त करते. वास्तव मृतांच्या बाबतीत मात्र ते कोणाकडून तरी काही घेते, आणि जे घेतले त्याचा प्रश्न रससिद्धांताच्या कक्षेत बसत नाही.

मग कविता असत्य ठरते काय? ॲरिस्टॉटलने काव्य इतिहासाहून अधिक तत्त्वचिंतनात्मक मानले, ते काव्य सामान्याविषयी बोलते म्हणून. परंतु येथे त्याहून साधे उत्तर उपलब्ध आहे. कवितेने आपल्या शीर्षकातच स्वतःला परीकथा म्हटले आहे. वाचकाशी तिने केलेला करार उघड आहे. मृतांची मोजदाद करण्याचा दावा तिने कोठेही केलेला नाही. याउलट युद्धोत्तर युगोस्लाव्हियात दीर्घकाळ सांगितला गेलेला सात हजार बळींचा आकडा हिशेब म्हणून पुढे आला होता. जर्मन आणि सर्बियन अभ्यासकांच्या संशोधनाने तो टिकला नाही आणि सुमारे २,८०० ही संख्या आता सर्वमान्य आहे. फुगवलेल्या आकड्यामागे शोकाची भावना असेल, तरी तो शोक मारेकऱ्याच्याच तत्त्वाला शरण गेलेला असतो : अपराधाचे वजन संख्येने ठरते, हे त्याने मान्य केलेले असते. सात हजारांऐवजी २,८०० म्हटल्याने अपराध हलका होतो अशी ज्याला भीती वाटते, त्याने त्या २,८०० पैकी प्रत्येकाला आधीच एका मोठ्या राशीचा अंश करून टाकलेले असते. शिवाय जे चार हजार कधी नव्हतेच, त्यांच्या गर्दीत जे होते ते दिसेनासे होतात.

पण करार उघड असला तरी तो पाळला जातोच असे नाही. शुमारित्सेच्या माळावर १९५३ पासून स्मृतिउद्यान आहे. सुमारे साडेतीनशे हेक्टरांच्या त्या परिसरात सामूहिक कबरी आणि शिल्पे विखुरलेली आहेत. मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे मिओद्राग झिव्कोविच यांनी घडवलेले पंखाकृती स्मारक १९६३ चे आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला येथे 'मोठा शालेय तास' या नावाचा सोहळा होतो आणि त्यात काव्य, संगीत व नाट्य यांच्या साहाय्याने स्मरण केले जाते. शिक्षकांपैकी एकाने बंदुकांपुढे उभे असताना आपला तास अजून चालूच असल्याचे म्हटले, अशी आख्यायिका शहरात सांगितली जाते. सोहळ्याच्या नावात तिचा प्रतिध्वनी ऐकू येतो. अशा पुनरावृत्तीतून परीकथेचे रूप गळून पडते आणि कविता साक्ष म्हणून ऐकली जाऊ लागते. हा दोष कवितेचा नाही, तो तिच्या ग्रहणाचा आहे. मात्र ग्रहणाचा इतिहास हाही संहितेच्या अर्थाचा भाग असतो, हे मान्य केल्यावर समीक्षेला त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

या ग्रहणातून कोण सुटले, हे पाहण्यासाठी त्याच माळावरील आणखी एक शिल्प उपयोगी आहे. नेबोयशा देल्या यांचे 'स्फटिकाचे फूल' १९६८ मध्ये उभे राहिले, ते रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या रोमा मुलांच्या स्मरणार्थ. ही मुले त्याच दिवशी, त्याच माळावर मेली. पण त्यांना बाक नव्हता, गणिताची वही नव्हती, वार्षिक समारंभ नव्हता. ज्या सारखेपणावर कवितेची करुणा उभी आहे, त्याच्या प्रवेशद्वाराशीच ती थांबतात. शाळकरी मुलाच्या मृत्यूत समाज आपले भविष्य गमावतो, म्हणून तो मृत्यू अधिक असह्य वाटतो. ही भावना स्वाभाविक आहे. पण तिच्या पोटात आणखी एक हिशेब दडलेला असतो. जो पुढे काही होणार होता त्याचे मरण मोठे, आणि ज्याच्याकडून समाजाची काही अपेक्षाच नव्हती त्याचे लहान. बूटपॉलिश करणाऱ्या मुलाचे मरण या हिशेबाला उत्तर मागते. त्याने काय गमावले याचे माप त्याच्या भविष्याच्या आश्वासकतेत नाही. त्याचे स्वतःचे आयुष्य होते, एवढेच त्याचे माप आहे.

सामान्यीकरणाचा लाभ पुढे कोणाच्या पदरी पडतो, हाही प्रश्न येथे उपस्थित होतो. २०१२ पासून सर्बियात २१ ऑक्टोबर हा दुसऱ्या महायुद्धातील सर्ब बळींचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. शुमारित्सेत मेलेल्यांपैकी बहुसंख्य सर्ब होते, हे खरेच आहे; त्यांच्याबरोबर ज्यू होते, रोमा होते, स्लोव्हेन, मॅसिडोनियन आणि मुसलमानही होते. मारेकऱ्यांच्या सूत्रात 'ओलीस' या एका शब्दाने सर्व भेद पुसले. राष्ट्राच्या सूत्रात एका विशेषणाने ते पुन्हा पुसले जाण्याचा धोका संभवतो. या दोन कृतींची नैतिक तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण एकीने जीव घेतला आणि दुसरीने शोक केला. तरीही शोक करणाऱ्याला मृतांवर स्वामित्व मिळत नाही, हे म्हणावेच लागते. परीकथेतील निनावी तुकडीला कोणतेही नाव लावता येते. नावे असलेल्या माणसांना तसे लावता येत नाही.

म्हणून अखेर नावांकडे यावे लागते. २१ ऑक्टोबर संग्रहालयातील अभ्यासक स्तानिशा ब्रकिच यांचे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. 'नाव आणि संख्या' असे त्याचे शीर्षक आहे. त्यात जवळजवळ २,८०० बळींची नावानिशी नोंद आहे. साहित्यगुणांचा कसलाही दावा नसलेल्या या पुस्तकाला साहित्यविचारात स्थान का द्यावे, याचे उत्तर दुसऱ्या एका सर्बियन लेखकाच्या कल्पनेत सापडते. सुबोतित्सा या उत्तरेकडील शहरात १९३५ मध्ये जन्मलेल्या दानिलो किश यांच्या 'मृतांचा ज्ञानकोश' (१९८३) या कथेत एक विलक्षण ज्ञानकोश आहे. अन्य कोणत्याही कोशात ज्यांचे नाव नाही अशांनाच त्यात प्रवेश आहे, आणि त्यांच्या आयुष्याचा लहानात लहान तपशीलही त्यात नोंदलेला आहे. मानवी आयुष्यात काहीही पुनरावृत्त होत नाही, प्रत्येक माणूस स्वतंत्र तारा आहे, हा त्या कोशकर्त्यांचा सिद्धांत. किश यांचे वडील आउश्वित्झला नेले गेले आणि परतले नाहीत, हे ध्यानात घेतले की ही केवळ कल्पनाक्रीडा नाही हे कळते. शंभरास एक या सूत्राला दिलेले हे सर्वांत पूर्ण उत्तर आहे. आणि ते अशक्य आहे, हेही तितकेच खरे. असा कोश कोणालाच लिहिता येत नाही. ब्रकिच यांची नामावली म्हणजे त्या अशक्य कोशाचा शक्य असलेला अल्प अंश होय.

यावर एक आक्षेप संभवतो. यादी हे मारेकऱ्यांचेही साधन होते. विसाव्या शतकातील संहाराने याद्यांवाचून एक पाऊल टाकले नाही. मग नामावलीला नैतिक प्रतिष्ठा कशी द्यावी? याचे उत्तर यादीच्या दिशेत आहे. मारेकऱ्यांची यादी नावाकडून संख्येकडे जाते आणि बेरीज जुळली की नावांची गरज संपते. स्मरणाची यादी संख्येकडून नावाकडे जाते, आणि एखादे नाव चुकले तर तिची बेरीज जुळूनही उपयोग नसतो. अर्थात ओळीने छापलेले नावही फार थोडे सांगते. संग्रहालयात जपून ठेवलेल्या, त्या रात्री कोंडलेल्यांनी लिहिलेल्या निरोपाच्या चिठ्ठ्या या उणिवेची जाणीव करून देतात. त्यांतील एकीत, उद्या पाव आणायला नको, एवढाच निरोप आहे. या वाक्याचे साधारणीकरण होत नाही. ते एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला उद्देशून, एका ठरावीक सकाळीविषयी लिहिलेले आहे. ते वाचणाऱ्या प्रत्येकाला हेही कळते, की तो निरोप आपल्यासाठी नव्हता. कविता वाचकाला आत घेते, चिठ्ठी त्याला दाराबाहेर उभे करते. मृतांविषयीच्या आदरात या दुसऱ्या अनुभवाचाही वाटा असला पाहिजे.

तरीही २,८०० नावांची यादी कोणी शोकाने वाचू शकत नाही. दहाव्या-विसाव्या नावानंतर डोळे केवळ सरकू लागतात. ही वाचकाची निष्ठुरता नव्हे, मानवी कल्पनाशक्तीची ती मर्यादा आहे. कवितेने ती मर्यादा ओळखून एक तुकडी निवडली आणि दूरच्या, अन्य भाषेतल्या वाचकालाही त्या मृतांचे ऋणी केले. पाश्चात्त्य विचारात पॉल रिकर यांनी इतिहासलेखनाला मृतांप्रति असलेल्या ऋणाशी जोडले. पितृऋणाची कल्पना परिचित असलेल्या वाचकाला हा विचार परका वाटू नये. ऋण मान्य करणे ही एक गोष्ट आणि ते फेडणे ही दुसरी. शोककाव्य पहिली गोष्ट करते. दुसरी करण्यास लागणारी सामग्री, म्हणजे वय, धंदा, गाव, कबरीचा क्रमांक आणि नावाचे अचूक स्पेलिंग, ही त्याच्याजवळ नसते आणि असण्याची अपेक्षाही नाही. कवितेविना यादी न वाचलेली राहते. यादीविना कविता कोणाच्याही हाती जाते, कारण तिच्यातील निनावी मुलांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मग कोणीही सांगू शकतो.

यावरून साधारणीकरणाच्या सिद्धांताला एक पुरवणी जोडणे आवश्यक वाटते. काल्पनिक विभावांच्या बाबतीत विशेषाकडून सामान्याकडे होणारा प्रवास हा पूर्ण प्रवास असतो. वास्तव मृतांच्या बाबतीत तो अर्धा असतो. सामान्यापर्यंत पोचलेल्या वाचकाने विशेषाकडे परतणे बाकी असते. ही परतीची वाट कवितेत शोधून सापडणार नाही. ती शुमारित्सेच्या माळावर, बूटपॉलिश करणाऱ्या मुलांच्या स्मारकाजवळून, नामावलीच्या पानांतून जाते. 'रक्ताळलेली परीकथा' वाचून ज्याला शोक झाला आणि त्या दिवशी आणखी कोण कोण मेले हे विचारावेसे वाटले नाही, त्याने कवितेचा आस्वाद घेतला असेल. तिने त्याच्यावर सोपवलेले काम मात्र हाती घेतलेले नाही.